उभ्या गाडीत एसी गरम हवा देतो, दोनदा गॅस भरूनही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी चोपड्याचा. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला भुसावळहून माहेरी आणायचंय, सोबत तिचं अडीच महिन्यांचं बाळ. इथलं ऊन तुम्हाला सांगायला नको. दुपारी पारा ४३-४४ वर, काच खाली केली की भट्टीसमोर बसल्यासारखी झळ लागते. एवढ्याशा जिवाला तशा गाडीत बसवायची माझी तयारी नाही.

गाडी ६०-७० च्या वेगात असली की हवा बऱ्यापैकी गार येते. जळगावात अजिंठा चौफुलीला सिग्नलवर थांबलो की दोन मिनिटांत कोमट, मग चक्क गरम. गाडी पळायला लागली की परत गार. ब्लोअरचा जोर चारही नंबरवर चांगला आहे, केबिन फिल्टर नवीन टाकलाय. म्हणजे हवा भरपूर येते, फक्त गार येत नाही. थंडीच्या दिवसांत काहीच तक्रार नव्हती.

फेब्रुवारीअखेर एका ठिकाणी दाखवली, गॅस कमी आहे म्हणून भरून दिला. मार्चमध्ये पुन्हा तेच, तेव्हा दुसऱ्या गॅरेजमध्ये वरून आणखी गॅस टाकला. दोन्ही वेळा दाब मोजायचा गेज लावला होता, वजनकाटा कुठेच दिसला नाही. त्यानंतर त्रास वाढलाच. आता म्हणतात कॉम्प्रेसर गेला, नवीन घाला. खरंच गेला असेल तर घालेन, पण पळत्या गाडीत गार करणारा कॉम्प्रेसर उभ्या गाडीत कसा काय जातो, हे मला पटत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

तापीकाठ:
दादा, कॉम्प्रेसरला अजून हात लावू देऊ नका. इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट उघडून बघा. कॉम्प्रेसरच्या पुलीवरचा क्लच 'टक्' करून बसतो का? आणि रेडिएटरचा फॅन लगेच फिरतो का? बोटं लांब ठेवा, फॅन केव्हाही सुटतो.

धागाकर्ता:
आत्ताच पाहिलं. क्लच बसतो. फॅन मात्र लगेच फिरत नाही. बऱ्याच वेळाने एकदम जोरात सुटतो, अर्धा मिनिट फिरून बंद. इंजिनचा काटा मधेच आहे, गाडी तापत नाही.

तापीकाठ:
मग दुखणं तिथेच आहे असं माझं मत. गॅस आतली उष्णता उचलतो आणि कंडेन्सरमध्ये, म्हणजे रेडिएटरसमोरच्या जाळीत, बाहेर टाकतो. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा ते काम करतो. उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. बऱ्याच गाड्यांत या फॅनला दोन वेग असतात आणि एसी लावला की निदान हळूचा वेग लागायला हवा. तुमचा हळूचा वेग मेलेला दिसतोय, बहुधा फॅनचा वेग कमी ठेवणारा रेझिस्टर जळालाय. गॅसचा दाब फार वाढल्यावर किंवा इंजिनचं पाणी फार तापल्यावर जोराचा वेग तेवढा लागतो.

खात्री करायला गाडी सावलीत उभी करून एसी चालू ठेवा आणि कंडेन्सरवर समोरून साधं पाणी हळूहळू ओता. फॅनच्या मोटरवर आणि वायरिंगवर जाऊ देऊ नका. उभ्या गाडीत हवा गार झाली, तर कॉम्प्रेसर ठीक आहे.

धागाकर्ता:
दोन बादल्या ओतल्या. दुसरी संपेपर्यंत हात गारठेल अशी हवा! मी आणि वडील दोघेही बघतच राहिलो.

वर्कशॉपवाला_धुळे:
भाऊ, फॅन दुरुस्त कराच, पण गॅसचाही घोळ आहे. बंद गाडीला गेज लावून गॅस किती आहे ते कळत नाही. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी आर-१३४ए चा (गाडीच्या एसीतल्या गॅसचा) दाब तापमानाप्रमाणेच दिसतो, ४० अंशाला साधारण १३३ पीएसआय. मग २०० ग्रॅम असो की ५००. म्हणून गॅस वजनावरच भरायचा. बॉनेटखाली स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात.

चालू गाडीत गेजवर लो (कमी दाबाची) आणि हाय (जास्त दाबाची) दोन्ही बाजू चढलेल्या असतील तर गॅस जास्त आहे किंवा कंडेन्सरला वारा नाही. दोन्ही पडलेल्या असतील तर गॅस कमी. सगळा गॅस मशीनने काढून घ्या, किमान अर्धा तास व्हॅक्यूम धरा, मग मोजून भरा. आणि कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट बघा. कापूस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागे आपण हिवाळाभर चालतो, ते तंतू आणि धूळ तिथे नमद्यासारखी बसते. पाणी आतून बाहेर, कमी जोराने मारा. वॉशिंग सेंटरच्या जोराने कंडेन्सरच्या बारीक पात्या आडव्या होतात.

धागाकर्ता:
काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो. रेझिस्टर जळलेलाच निघाला, नवीन बसवला. फटीतून ओंजळभर कापूस आणि किडे निघाले. स्टिकरवर ४३० ग्रॅम आहे, आणि मशीनने काढला तर ६०० च्या वर! आधी उभ्या गाडीत लो ५५ आणि हाय ३४० पीएसआय होता. मोजून भरल्यावर त्याच दुपारच्या उन्हात लो ४० आणि हाय २५०. कॉम्प्रेसर जुनाच आहे.

अजिंठा चौफुलीला मुद्दाम दोन सिग्नल थांबून पाहिलं, हवा गारच. तापीकाठ, धुळेकर भाऊ, तुमचे उपकार आहेत. तरी बहिणीला आणायला पहाटे ५ ला निघणार आहे, बाळाच्या बाबतीत यंत्रावर विसंबायचं नाही असं आईने सांगितलंय आणि मलाही ते पटतं.

गॅस मुळात कधी कमी झाला होता का, हे मात्र कळलेलं नाही. म्हणून भरताना गळतीचा रंग टाकून घेतलाय. महिन्याभराने अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली सगळे जोड बघायचे आहेत, तेव्हा काय दिसलं ते इथेच लिहितो.