ऑफिसचा मेडिक्लेम पुरला नाही तेव्हा : टॉप-अप, सुपर टॉप-अपचे तुमचे अनुभव

ओसरी

सप्टेंबरात बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑफिसचा पाच लाखांचा मेडिक्लेम आहे, त्यावर मी स्वतः घेतलेला वीस लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे मूळ पॉलिसीच्या वर गेलेला खर्च देणारी दुसरी पॉलिसी. पंचवीस लाखांची सोय आहे म्हणून गेली चार वर्षं मी नातेवाइकांत जरा भाव खात होते. बिल झालं ३ लाख २० हजार, म्हणजे पाच लाखांच्या आतच. तरी डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर ७४ हजार भरून आले.

कुठे गेले ते घरी येऊन वहीत मांडलं. ऑफिसच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा आहे, म्हणजे दिवसाला ५,०००. आम्ही घेतली ८,००० ची, चार दिवस. तो १२ हजारांचा फरक कळत होता. पण खोली वरची घेतली म्हणून सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वगैरे जे १ लाख २० हजार होते, त्यांनाही तीच कात्री, आठातले पाचच मंजूर! तिथे ४५ हजार गेले. उरलेले १७ हजार ग्लोव्ह्ज, गाऊन, असल्या 'नॉन-मेडिकल' वस्तूंचे. सुपर टॉप-अपवाल्यांना फोन केला, तर पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमचं डिडक्टिबल पाच लाख आहे. बिल तिथपर्यंत पोचलंच नाही."

बरोबरच होतं तिचं. डिडक्टिबल म्हणजे खर्च ज्या रेघेच्या वर गेला तरच ती पॉलिसी पैसे देते ती रेघ. मी छप्पर घातलं होतं, पाणी खिडकीतून आलं.

डावा गुडघा जानेवारीत ठरलाय. त्याआधी शहाणं व्हायचंय. मूळ पॉलिसीवर दुसरी पॉलिसी घेऊन खरंच भागलं का, कुठे अडलं, काय हाती आलं, ते लिहा. कंपन्यांची आणि हॉस्पिटलांची नावं नकोत, उगाच वाद होतात.

निळीशाई

आमचा अनुभव चांगला आहे, म्हणून आधी लिहिते. नवऱ्याला स्वादुपिंडाची सूज आली, त्यातले अकरा दिवस आयसीयू. बिल ९ लाख ४० हजार. ऑफिसचे पाच लाख आठव्या दिवशीच संपले. सुपर टॉप-अप दुसऱ्या कंपनीचा, त्यामुळे वरची रक्कम आधी आम्ही भरली. दागिने आणि दिराची एफडी. मग कागद पाठवले. पाच आठवड्यांनी ४ लाख ११ हजार खात्यात आले, २९ हजार कापले.

कागदांचं मात्र नीट सांगते. मूळ फाईल पहिल्या कंपनीकडे जाते आणि दुसरीलाही मूळच हवी असते. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमबाहेर दोन दुपारी बसून सगळ्याच्या शिक्का मारलेल्या प्रती घेतल्या. डिस्चार्ज समरी, फायनल बिल त्याच्या ब्रेकअपसकट, औषधांची प्रत्येक पावती, आतले केस पेपर. वर पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर, म्हणजे त्यांनी किती दिले आणि काय नाकारलं याचा कागद. ते लेटर मागितल्याशिवाय कोणी देत नाही आणि त्याच्याशिवाय दुसरी कंपनी फाईल उघडत नाही.

आणखी एक. बिल मूळ पॉलिसीच्या वर जाईल अशी शंका आली की दुसऱ्या कंपनीला लगेच कळवून टाका. आम्ही तिसऱ्या दिवशीच मेल केला होता. नंतर त्यांचा पहिला प्रश्न तोच होता.

फटकळ

मी 'टॉप-अप' घेतला होता. 'सुपर' नाही. एका शब्दानं अडीच लाख गेले.

आईला त्या वर्षी दोनदा ठेवावं लागलं. एकदा ४ लाख, एकदा साडेतीन. साध्या टॉप-अपला पाच लाखांची रेघ दर वेळी नव्यानं ओलांडावी लागते. एकही बिल पाचाच्या वर नाही, त्यामुळे दोन्ही वेळा शून्य. ऑफिसच्या पॉलिसीनं पहिल्यांदा चार दिले, दुसऱ्यांदा उरलेला एक दिला. सुपरमध्ये वर्षभराची बेरीज धरतात. साडेसात वजा पाच, अडीच लाख मिळाले असते. हप्त्यात फरक किती होता? विचारू नका. एजंटला मी विचारलं होतं, "दोन्ही एकच ना?" तो म्हणाला, "हो हो, तेच."

गुळपापडी

@फटकळ, अगदी अगदी. आमच्याकडेही 'तेच'वालाच होता.

कोपऱ्यातला

हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये अकरा वर्षं काढली, आता दुसरं काम करतो. ओसरीताई, तुमचा कागद पुन्हा बघा. खोली वरची घेतली म्हणून जी प्रमाणात कपात करतात, ती सगळ्या बिलावर करता येत नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांनुसार औषधं, कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्या तिच्यातून वगळलेल्या आहेत. आयसीयूलाही ती लागत नाही. आणि ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथे ती करायचीच नाही. गुडघ्याच्या इम्प्लांटवर कापलं नाही हे तुमच्या आकड्यांवरून दिसतंय. पण एक्स-रे, रक्ततपासण्या त्या १ लाख २० हजारांत शिरल्या आहेत का ते तपासा. आमच्याकडेही घाईत त्या 'इतर शुल्क' म्हणून एका ओळीत जायच्या, खोटं कशाला बोलू?

अॅडमिट करताना लोक विचारतात, "एसी आहे का? टीव्ही आहे का?" विचारायचं असतं, "माझ्या पॉलिसीत खोलीची पात्रता किती?" टीपीए डेस्कवर, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे बघणाऱ्या संस्थेच्या टेबलावर, ते दोन मिनिटांत कळतं.

डिस्चार्जला दिवस दिवस बसवून ठेवत असतील, तर २०२४ च्या मे महिन्यातलं परिपत्रक लक्षात असू द्या. कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीचा निर्णय एका तासात, शेवटची मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलनं जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीनं भरायचे.

बिनसाखर

नावावरून कळलंच असेल. मला मधुमेह आहे, चार वर्षं. ऑफिसच्या पॉलिसीला त्याचं काही नव्हतं, आमच्या ग्रुप पॉलिसीत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात. सुपर टॉप-अप सात वर्षांपूर्वी घेतला, तेव्हा साखर अगदी नॉर्मल होती, तसंच लिहिलं.

गेल्या वर्षी पायाला जखम होऊन ती चिघळली. दोन शस्त्रक्रिया, साडेसात लाख. ऑफिसचे पाच लाख विनातक्रार मिळाले. सुपर टॉप-अपचं उत्तर आलं : आजार लपवला, दावा नामंजूर. का? रात्री दोन वाजता ड्युटी डॉक्टरनं मेव्हण्याला विचारलं, "डायबिटीस किती वर्षं?" तो बिचारा घाबरलेला, म्हणाला, "असेल आठ-दहा वर्षं." डॉक्टरनं लिहिलं, 'के/सी/ओ डीएम, १० वर्षे', म्हणजे मधुमेहाचा दहा वर्षांपासूनचा रुग्ण. हीच ओळ तशीच डिस्चार्ज समरीत उतरली. त्या एका ओळीची किंमत अडीच लाख.

मग फॅमिली डॉक्टरांकडचं जुनं कार्ड काढलं, साखर पहिल्यांदा सापडली त्या तारखेचं. त्याआधीचे ऑफिसच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट जोडले. हॉस्पिटलकडून दुरुस्तीचं पत्र घेतलं, त्यासाठी तीन खेपा. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, महिनाभर उत्तर नाही. मग विमा लोकपालांकडे गेलो. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीनं नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणीच्या आधीच कंपनीचा फोन आला, पैसे देतो म्हणून.

पाच वर्षं पूर्ण झालेल्या पॉलिसीत फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'लपवलं' म्हणून दावा नाकारता येत नाही, असा नियम २०२४ पासून आहे. आधी ही मुदत आठ वर्षं होती. मला हे लोकपालांकडे अर्ज करताना कळलं. मेव्हण्याला मी अजून काही बोललेलो नाही. रात्रभर तोच बसला होता बाहेर.

जुनावाचक

मी ७३ वर्षांचा, निवृत्त. माझी खासगी पॉलिसी तीन लाखांची आहे. या वयात वरची पॉलिसी द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि जे होते त्यांचा हप्ता माझ्या पेन्शनला झेपणारा नव्हता. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. सरकारी योजनेतून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. खासगी विमा असला तरी चालतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस आरोग्य योजनेतल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावे लागते. मी आधार घेऊन गेलो, चेहरा स्कॅन केला, कार्ड झाले. मार्चमध्ये स्टेंट त्यावरच बसला, खासगी पॉलिसीला हात लावावा लागला नाही. अडचण एकच, आमचे नेहमीचे डॉक्टर ज्या हॉस्पिटलात बसतात ते यादीत नाही. अनोळखी डॉक्टरच्या हाती छाती द्यावी लागली. माणूस चांगला निघाला.

टिपणवही

स्टेंटवरून आठवलं. आम्ही वरची पॉलिसी म्हणून 'क्रिटिकल इलनेस' घेतली होती, दहा लाखांची. आजार निघाला की एकरकमी पैसे, बिलाचा संबंध नाही, म्हणून आवडली. यांना दोन ब्लॉकेज निघाले, अॅटॅक यायच्या आधीच स्टेंट टाकले. मी आनंदानं फॉर्म भरला. नामंजूर! त्यांच्या व्याख्येत छाती उघडून केलेली बायपास बसते, अँजिओप्लास्टी बसत नाही. अॅटॅक आला असता तर दावा तरी करता आला असता. आता या वाक्यावर हसावं की रडावं? सासूबाई म्हणाल्या, "नाही मिळाले तेच बरं."

ती पॉलिसी बंद नाही केली. कॅन्सरला तिचा उपयोग आहे, पगार थांबतो तेव्हा घर चालवायला. पण हॉस्पिटलच्या बिलातली दरी भरायला ती नाही, हे आता पक्कं डोक्यात बसलंय.

अर्धाकप

हॉस्पिटल कॅश कोणीच लिहिलं नाही. दिवसाला २,००० वाली आहे माझी. आई नऊ दिवस होती, पहिला दिवस धरत नाहीत, १६ हजार आले. बिलाला नाही पुरले, पण माझं रिक्षाभाडं, बाहेरचं जेवण आणि रात्रीच्या मावशींचे पैसे त्यातून निघाले. ते दुसरं कोणी देत नाही.

कानामात्रा

ज्यांच्या पॉलिसी वेगवेगळ्या तारखांना सुरू होतात त्यांनी हे वाचाच.

ऑफिसची पॉलिसी १ एप्रिल ते ३१ मार्च. माझा सुपर टॉप-अप १० नोव्हेंबरला सुरू होतो, कारण त्या दिवशी मला सुचलं. बायकोला ऑक्टोबरात ४ लाखांचा खर्च, डिसेंबरात ३ लाखांचा. एकूण सात, वरचे दोन सुपरकडून येतील असा माझा हिशेब. पण सुपर टॉप-अप बेरीज धरतो ती त्याच्या स्वतःच्या वर्षातली. त्याचं वर्ष १० नोव्हेंबरला बदललं. ऑक्टोबरचे चार जुन्या वर्षात, डिसेंबरचे तीन नव्या वर्षात, पाच कुठेच नाहीत. ऑफिसच्या पॉलिसीचं वर्ष मात्र तेच चालू, तिच्यात एकच लाख शिल्लक. मधले दोन लाख माझे.

दोन्ही कंपन्या नियमानं बरोबर. भांडायलाही कोणी नाही. आता रिन्यूअलला दोघांच्या तारखा जुळवून मिळतील का म्हणून मेलामेली चालू आहे.

पायवाट

नोकरी सोडलेल्यांसाठी. राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता माझा ऑफिसचा विमा संपला. हातात उरला पाच लाखांनंतर सुरू होणारा सुपर टॉप-अप. तो चालू राहतो बरं का, मूळ पॉलिसी असलीच पाहिजे असं नाही, पहिले पाच लाख तुम्ही खिशातून भरले तरी चालतं. पण खिसा हवा ना तेवढा!

ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि गेलेल्या वर्षांचं प्रतीक्षा कालावधीचं श्रेय मिळतं. मला एचआरनं हे सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नोटीस पीरियडमध्येच अर्ज करायला हवा होता. आता नवी पॉलिसी, नवा प्रतीक्षा कालावधी. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवतात. थायरॉईड, बीपी सगळं रांगेत उभं आहे.

गुळपापडी

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची एकच पॉलिसी) आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. नंतर रिन्यू केलं असेल तर पावती बघून घ्या.

फटकळ

मी आता सगळं सोडून वेगळी एफडी काढलीय आजारपणासाठी. सहा लाख. एफडी ग्लोव्ह्जचेही पैसे देते.

निळीशाई

@फटकळ, आणि बिल पंधरा लाख झालं तर? सुपर टॉप-अप चालू ठेवा हो, एफडी खालच्या पाच लाखांसाठी ठेवा.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस कागद घेऊन बसले होते.

@कोपऱ्यातला दादा, तुमचं खरं निघालं. १ लाख २० हजारांत १६ हजारांच्या तपासण्या घातल्या होत्या. त्यावर कापलेले ६ हजार परत द्या म्हणून टीपीएला मेल केलाय, परिपत्रक जोडून. जानेवारीसाठी ५,००० च्या आतली खोली विचारून ठेवली. दोघांत एक आहे, बाबांना चालणार आहे, शेजाऱ्याशी गप्पा होतील म्हणाले.

मग @कानामात्रा यांचा प्रतिसाद वाचला आणि पोटात गोळा आला. ऑफिसची पॉलिसी एप्रिल ते मार्च. सप्टेंबरात त्यांनी २ लाख ४६ हजार दिले, म्हणजे उरले २ लाख ५४ हजार. दुसरा गुडघाही तेवढ्याच बिलाचा धरला तर काही तरी वर जाणारच. आणि माझ्या सुपर टॉप-अपची तारीख : १४ डिसेंबर. जानेवारीत केलं तर सप्टेंबरचं बिल त्याच्या हिशेबात नाहीच.

आज सर्जनना फोन केला, डावा गुडघा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेता येईल का? उजव्याची प्रगती बघून, फिजिओशी बोलून शुक्रवारी सांगतो म्हणाले. बाबांनी तेव्हापासून व्यायाम दुप्पट केलाय.