मदत हवी आहे : ओळख लपवून मुलाखत, पण बोलण्यातला जीव राखून

आम्ही विद्यार्थी २० मिनिटांचा माहितीपट करतोय : समलिंगी म्हणून मोठं होणं, तीन पिढ्यांच्या तोंडून. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्याआधी तरुण असलेले एक काका, त्यानंतर वाढलेले एक आणि आत्ता विशीतला एक, तिघेही तयार आहेत.

अडलंय काकांपाशी. त्यांना मनापासून बोलायचंय, पण चेहरा-आवाज ओळखू येता कामा नये. मागून उजेड ठेवून नुसती छाया टिपली, तर बोलता बोलता चष्मा काढून पुसायची त्यांची लकब लगेच ओळखू येते. आवाजाची पट्टी बदलून पाहिली. बोलणं यंत्रासारखं झालं, शिवाय तसा बदल उलटवता येतो.

आता त्यांचे शब्द नटाकडून वदवून घ्यायचा विचार आहे. पण वडिलांबद्दल सांगताना ते जे थांबतात, ते गेलं तर काय उरलं? लेखी संमती घेतली आहे, अंतिम संकलन आधी त्यांना दाखवणार आहोत. कॅमेरा एकच, ॲनिमेशनला पैसे नाहीत.

असं पुनर्ध्वनिमुद्रण कुणी केलंय का? नटाला मूळ ध्वनिमुद्रण कानात ऐकवत बोलायला लावलं, तर ते थांबणं जसंच्या तसं येतं का?