‘तज्ज्ञ साक्षीदार’: न पाहिलेल्या घटनेची साक्ष

प्रश्न: फौजदारी खटल्यांविषयीच्या एका लेखमालेचे मराठीकरण करताना मी ‘तज्ज्ञ साक्षीदार’ हा शब्द सर्वत्र वापरला होता. संपादकांनी काही ठिकाणी त्याचे ‘तज्ज्ञाचे मत’ आणि काही ठिकाणी ‘तज्ज्ञाचा अहवाल’ असे केले, शिवाय ‘तज्ञ’ असे सुटसुटीत लिहावे असेही सुचवले. हे तीन शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी चालतात का? विशेषतः आरोपीच्या बचावाच्या संदर्भात कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर: आधी लेखनाचे सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपते. तद् + ज्ञ यांचा संधी ‘तज्ज्ञ’ असा होतो. सत् + जन याचे ‘सज्जन’ होते त्याच न्यायाने. त्यामुळे ‘तज्ञ’ लिहू नये. हा आग्रह केवळ शुद्धलेखनाचा नाही. ‘तद्’ म्हणजे ‘ते’. ‘ते जाणणारा’ तो तज्ज्ञ, सर्व काही जाणणारा नव्हे. बचावाच्या वकिलाचा उलटतपासणीतला पहिला प्रश्न नेमका इथेच बोट ठेवतो: आपण कोणत्या बाबीचे जाणकार आहात? अक्षराचे वळण ओळखणारा हस्ताक्षरतज्ज्ञ शाईचे वय सांगू लागला, तर त्या मुद्द्यावर तो तज्ज्ञ उरत नाही.

आता ‘साक्षीदार’. ‘साक्षी’ म्हणजे साक्षात पाहणारा. पाणिनीने ‘साक्षाद्द्रष्टरि संज्ञायाम्’ असे सूत्रच दिले आहे. त्या संस्कृत शब्दाला फारसी ‘दार’ जोडून आपण ‘साक्षीदार’ केला आणि तो कोर्टकचेरीत रुळला. पण तज्ज्ञाने घटना पाहिलेली नसते. मारामारी झाली तेव्हा तो तिथे नव्हता. त्याच्यासमोर आला तो मृतदेह, कपड्यावरचा डाग, काडतुसाची पुंगळी किंवा सहीचा कागद. म्हणून ‘तज्ज्ञ साक्षीदार’ या जोडशब्दातली दोन पदे एकमेकांना ओढून धरतात. कायद्याने हा ताण ओळखला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ४५ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९ ही दोन्ही ‘तज्ज्ञांची मते’ संबद्ध ठरवतात. सामान्य साक्षीदाराने मत द्यायचे नसते, पाहिले-ऐकले तेवढेच सांगायचे असते. तज्ज्ञाला त्यातून सवलत आहे, आणि ती सवलत त्याच्या विषयापुरतीच आहे.

(नव्या अधिनियमाच्या नावातल्या ‘साक्ष्य’ या शब्दाने मराठीत थोडा गोंधळ होणार, हे इथेच नोंदवतो. हिंदीत त्याचा अर्थ सर्व प्रकारचा पुरावा असा आहे. मराठीत ‘साक्ष’ म्हणजे माणसाने तोंडी सांगितलेले, तर ‘पुरावा’ या शब्दात कागद आणि मुद्देमालही येतो. मराठी मजकुरात अधिनियमाचे नाव सोडून इतरत्र ‘पुरावा’ हाच शब्द ठेवावा.)

तुमच्या तीन शब्दप्रयोगांपैकी ‘अहवाल’ आणि ‘साक्षीदार’ यांतला फरक आरोपीच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. अहवालाची उलटतपासणी घेता येत नाही, माणसाची घेता येते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार रासायनिक परीक्षक, अंगुलिमुद्रा विभागाचे संचालक, न्यायसहायक प्रयोगशाळांचे संचालक अशा काही सरकारी तज्ज्ञांचा अहवाल, त्यांना न्यायालयात न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचा उल्लेख त्या यादीत नावानिशी आहे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ३२९ मध्ये आली. न्यायालय अशा तज्ज्ञाला समन्स काढून बोलावू शकते. बचाव पक्षाने तशी मागणीच केली नाही, तर कागद तेवढा दाखल होतो आणि त्यामागचा माणूस कोणालाच दिसत नाही. अशा खटल्याबद्दल ‘तज्ज्ञ साक्षीदाराने सांगितले’ असे लिहिणे चूक आहे, कारण तिथे साक्ष झालेलीच नसते. ‘अहवालात नमूद आहे’ एवढेच लिहावे.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचे स्थान मात्र वेगळे आहे. आरोपीने अहवाल मान्य केला नसेल, तर त्यांना पिंजऱ्यात यावे लागते, आणि तिथे ते एकाच बैठकीत दोन भूमिका निभावतात. ‘डोक्याच्या डाव्या बाजूला पाच सेंटिमीटर लांबीची जखम होती’ असे ते सांगतात तेव्हा ते खरोखर साक्षी असतात, कारण ती जखम त्यांनी स्वतः पाहिली आणि मोजली. ‘मुद्देमालातील काठीने अशी जखम होणे शक्य आहे’ असे म्हणतात त्या क्षणी ते तज्ज्ञ होतात. मराठीत नोंदवलेली उलटतपासणी वाचली, तर हा बदल वाक्यावाक्यांत दिसतो: ‘हे म्हणणे बरोबर आहे की, टणक पृष्ठभागावर जोराने पडल्यास अशी जखम होऊ शकते. हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून मत दिले.’ पहिल्या वाक्यात बचावाला हवे ते मिळालेले असते, दुसरे वाक्य रिवाजाचे असते. घाईने वाचणारा दुसऱ्या वाक्यापाशी थांबतो आणि पहिले विसरतो.

प्रतिप्रश्न: मग ‘वैद्यकीय अहवालाने खून सिद्ध झाला’ या वाक्याचे काय करावे? आणि ‘बचाव पक्षाचा तज्ज्ञ’ हे योग्य आहे का?

उत्तर: पहिले वाक्य काढून टाकावे. सोळंकी चिमणभाई उकाभाई या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पुराव्याचे माप स्पष्ट केले आहे: सरकार पक्षासाठी तो पुष्टीचा असतो, सांगितल्या रीतीने जखमा होऊ शकल्या असत्या एवढेच तो दाखवतो; बचाव पक्ष मात्र त्याच पुराव्यातून, त्या रीतीने जखमा होणे शक्यच नव्हते असे दाखवून प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्याला धक्का देऊ शकतो. म्हणजे ‘शक्य आहे’ आणि ‘शक्य नाही’ हे शब्द दिसायला जोडीचे असले, तरी त्यांचे वजन सारखे नाही. अनुवादात ‘शक्य’चे ‘संभाव्य’ करू नये. ‘संभाव्य’मध्ये तसेच घडले असावे असा कल येतो, आणि आरोपीच्या गळ्याशी तो कल लागतो.

‘बचाव पक्षाचा तज्ज्ञ’ यातली षष्ठी मला खटकते. हिमाचल प्रदेश विरुद्ध जयलाल या १९९९ च्या निकालानुसार, निष्कर्ष पडताळण्यासाठी लागणारे शास्त्रीय निकष न्यायाधीशांपुढे ठेवणे हे तज्ज्ञाचे काम आहे. न्यायाधीशांनी त्यावरून स्वतः निर्णय करायचा असतो. कोणीही बोलावलेला असो, त्याचे दायित्व न्यायालयाशी असते. म्हणून ‘बचाव पक्षाने तपासलेला तज्ज्ञ’ असे लिहावे. ‘साक्षीदार तपासणे’ हा न्यायालयातला रोजचा प्रयोग आहे, तो वाचकाला अडत नाही. मात्र सरकार पक्षाच्या बाबतीतही हाच नियम पाळावा. एका बाजूच्या जाणकाराला ‘तज्ज्ञ’ आणि दुसऱ्या बाजूच्याला ‘आरोपीचा तज्ज्ञ’ म्हटले, की निकाल लागण्याआधीच वाचकाच्या मनात एकाचे म्हणणे शास्त्र आणि दुसऱ्याचे म्हणणे वकिली ठरते. बहुतेक खटल्यांत आरोपीला स्वतंत्र तज्ज्ञ आणणे परवडत नाही आणि सरकारी तज्ज्ञाच्या उलटतपासणीवरच त्याची सारी भिस्त असते, म्हणून हा शब्दभेद अधिकच जपावा लागतो.

तुमच्या लेखमालेपुरते सांगायचे, तर पिंजऱ्यात येऊन ज्याची उलटतपासणी झाली त्यालाच ‘तज्ज्ञ साक्षीदार’ म्हणा, त्याच्या निष्कर्षाला ‘मत’ म्हणा, आणि जिथे नुसता कागद आला तिथे ‘अहवाल’ ठेवा. मूळ मजकुरावरून साक्ष झाली की नाही हे कळत नसेल, तर निकालपत्रात साक्षीदारांची यादी असते. तिच्यात त्या तज्ज्ञाचा क्रमांक आहे का, ते आधी पाहून घ्या.