मदत हवी आहे: खाडीपलीकडचा लोरा (कमी विजेत लांब पल्ल्याचा) रेडिओ ऐन भरतीत गप्प होतो, सेटिंग काय ठेवू?

नमस्कार मंडळी,

दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर पाण्याची उंची मोजणारा सेन्सर बसवलाय. रिसीव्हर पलीकडे उलव्यात माझ्या घरी. मध्ये अडीच-तीन किलोमीटर पनवेलची खाडी. भरतीची वेळ मामा तिथीवरूनच सांगतात, त्यासाठी सेन्सर नको. पण जेट्टीपाशी इतका गाळ साचलाय की होडी लागेल एवढं पाणी नेमकं कधी होतं हे कुठल्याच कोष्टकातून कळत नाही. ते मामांना फोनवर दिसावं अशी फार इच्छा आहे.

दोन्हीकडे एसएक्स १२७६ हे लोरा मॉड्यूल, ८६६ मेगाहर्ट्झ, एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर, वाढवला की निरोप हळू जातो पण क्षीण सिग्नलही वाचता येतो) ९, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, कोडिंग रेट (चूक दुरुस्तीसाठीच्या जादा बिट्सचं प्रमाण) ४/५, पॉवर १७ डीबीएम. दर दहा मिनिटांनी १२ बाइटचा निरोप. अँटेना मॉड्यूलसोबत आलेल्या स्प्रिंगच्याच. जेट्टीवरची डब्यात आहे, उधाणाला (मोठ्या भरतीला) पाण्यापासून जेमतेम दीड मीटर वर. रिसीव्हर बाराव्या मजल्यावर, हॉलमध्ये राउटरशेजारी.

ओहोटीला आरएसएसआय (आलेल्या सिग्नलची ताकद) उणे ११२ डीबीएम आणि एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर-खाली ते) उणे २ डीबी दिसतो. पाणी चढेल तसा एसएनआर उणे ११ पर्यंत घसरतो. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत निभावतं, उधाणाच्या भरतीला मात्र काहीच येत नाही. मामांना हवा तो आकडा नेमका तेव्हाचाच.

एसएफ १२ लावून पाहिला. एसएफ ९ ला उणे १२.५ पर्यंत एसएनआर चालतो, १२ ला उणे २०, म्हणजे ७.५ डीबी मिळायला हवेत. उलट ओहोटीतही सीआरसी (निरोप धड आला का हे तपासणारा आकडा) चुकलेले निरोप येऊ लागले. शिवाय १४४ मिलिसेकंदांचा निरोप सेकंदाहून लांब होतो आणि जेट्टीवर एकच १८६५० (लिथियम) सेल आहे.

बँडविड्थ ६२.५ करू, कोडिंग रेट ४/८ करू, की पॉवर २०?

प्रतिसाद १

आधी एसएफ १२ चं. १२५ किलोहर्ट्झवर त्याचं एक सिम्बॉल (सिग्नलचा एक तुकडा) ३२.८ मिलिसेकंदांचं होतं. १६ च्या वर गेलं की 'लो डेटा रेट ऑप्टिमाइझ' हे सेटिंग चालू ठेवावं लागतं, आणि तेही दोन्ही टोकांना. एकीकडे चालू, दुसरीकडे बंद असेल तर तुम्ही म्हणता तसेच निरोप फुटतात.

६२.५ नको. २० पीपीएमचा (दशलक्षात २० इतका चुकू शकणारा) वारंवारता ठरवणारा क्रिस्टल ८६६ ला १७ किलोहर्ट्झ सरकू शकतो आणि लोरा साधारण बँडविड्थच्या चौथ्या हिश्श्याइतकाच फरक सोसतो. ४/८ मधूनमधून येणाऱ्या अडथळ्यांना बरा, क्षीण सिग्नलला त्याने फारसं बळ येत नाही. २० डीबीएमने ३ डीबी मिळतील, पण सेलवर ताण. परवानामुक्त मर्यादा १ वॉटची आहे, त्यामुळे तिकडून अडचण नाही.

पण खरं दुखणं सेटिंगमध्ये नाही. या अंतराला मोकळ्या वाटेत सुमारे १०० डीबी जातात. १७ डीबीएम सोडल्यावर साध्या अँटेनांनी उणे ८० च्या आसपास दिसायला हवं. तुम्हाला ओहोटीलाही उणे ११२ दिसतंय. हे तीसेक डीबी स्प्रिंग, डबा आणि हॉलच्या भिंती खातायत. एसएफ ९ वरून १२ वर गेलात तरी त्यातले साडेसातच परत येतात.

भरतीचं कारण वेगळं. थेट आलेली लहर आणि पाण्यावरून परावर्तित झालेली लहर रिसीव्हरवर एकत्र पोहोचतात. परावर्तन होताना लहर उलटते. पाणी वर आलं की दोन्ही वाटांची लांबी जवळपास सारखी होते आणि लहरी एकमेकींना मारतात. दीड मीटरवरची अँटेना साडेतीन मीटरवर न्या, माझ्या हिशेबाने भरतीला ६-७ डीबी वाढतील. एसएफच्या जवळजवळ तीन पायऱ्या, तेही सेलवर भार न टाकता. अँटेना मात्र ८६५-८६७ ची घ्या. बाजारात ४३३ च्या दिसायला तशाच मिळतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. जेट्टीवर मामा बांबू उभा करून देतील. रिसीव्हरची अँटेना हॉलमधून गच्चीवर न्यायला सोसायटीची परवानगी लागेल, तोवर ती खिडकीच्या लोखंडी ग्रीलबाहेर काढली तर चालेल का?

प्रतिसाद २

चालेल, खिडकी खाडीकडे असेल तर. ग्रीलपासून निदान ३५ सेंटीमीटर, म्हणजे एक तरंगलांबी बाहेर आणि उभीच ठेवा, जेट्टीवरचीही उभीच. केबल शक्य तितकी आखूड. राउटरपासून रिसीव्हर लांब हलवून एसएनआर पुन्हा बघा, तुमच्या आकड्यांत नॉइजची पातळी उणे ११० येते, १२५ किलोहर्ट्झला ती उणे ११७ च्या आसपास हवी. एसएफ ९ सध्या तसाच असू द्या. पुढच्या अमावास्येच्या उधाणाचे आकडे इथे टाका.