बदलीनंतर रुजू झालो. यादीशिवाय कार्यभार स्वीकारावा का?

मुक्काम पोस्ट:
तहसील कार्यालयात सहा वर्षे काढल्यानंतर माझी बदली जिल्हाधिकारी कार्यालयात झाली असून गेल्या सोमवारी मी महसूल सहायक म्हणून रुजू झालो. रुजू अहवाल त्याच दिवशी दिला आणि दुपारी मला जे टेबल दाखवण्यात आले, त्याच्यावर, खाली आणि शेजारच्या कपाटात मिळून चारशेच्या आसपास संचिका निघाल्या. आधीचे सहकारी पदोन्नतीवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले. जाताना "सगळे कपाटात आहे" एवढेच सांगून गेले, यादी केली नाही. आता नायब तहसीलदार साहेब मला कार्यभार स्वीकारल्याच्या कागदावर सही करण्यास सांगत आहेत. पहिल्याच आठवड्यात नकार दिला तर मी अडेलतट्टू ठरेन आणि सही केली तर पुढे गहाळ निघणारा प्रत्येक कागद माझ्या माथी येईल. शिवाय तालुक्याला सगळे मला नावाने ओळखत. इथे अजून "ते नवीन आलेले" असाच उल्लेख होतो. सुरुवात कुठून करावी?

जुना अव्वल कारकून:
सही नाकारू नका आणि कोरीही करू नका. "संचिकांची यादी प्राप्त नाही, पडताळणीच्या अधीन राहून कार्यभार स्वीकारला" असा शेरा लिहून सही करा आणि त्याच दिवशी छोटी टिपणी सादर करा, की मोजणीत अमुक इतक्या संचिका आढळल्या आणि यादी पंधरा दिवसांत सादर करतो. ही टिपणी साहेबांच्या विरोधात नसते, उलट त्यांनाही ती उपयोगी पडते. मात्र ती नम्र भाषेत असावी आणि त्यात आधीच्या माणसाविषयी एक शब्दही नसावा.

त्यानंतर सहा गठ्ठा पद्धतीने टेबल लावा: कार्यवाहीसाठी प्रलंबित, प्रतीक्षाधीन (इतरांच्या उत्तरासाठी थांबलेली), नियतकालिके (ठरावीक काळाने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि 'ड' वर्गाचे, म्हणजे थोडाच काळ जपून नष्ट करायचे कागद. माझा अनुभव असा, की चारशेपैकी निम्म्याहून अधिक संचिका शेवटच्या दोन गठ्ठ्यांतल्याच निघतात आणि केवळ कोणी बांधून न ठेवल्यामुळे त्या कामासारख्या दिसतात. नष्ट करण्याची घाई मात्र नव्या माणसाने करू नये.

गठ्ठे लावताना मुदतीचे कागद आधी वेगळे काढा. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते आणि विलंबाला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. ती जन माहिती अधिकाऱ्यावर होते हे खरे, पण त्याने ज्या कर्मचाऱ्याकडे माहिती मागितली त्यालाही कायदा त्या प्रयोजनापुरता माहिती अधिकारीच मानतो. न्यायालयीन प्रकरणे आणि विधिमंडळाचे प्रश्न यांनाही हाच न्याय लावा. २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमातच, एका कर्मचाऱ्याकडे संचिका सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, अशी तरतूद आहे. आपण बहुतेक जण तो कायदा बदलीपुरताच वाचतो.

बारनिशीताई:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक भर घालते. कपाटात काय आहे हे कपाट सांगेल, पण काय असायला हवे होते हे आवक बारनिशीच, म्हणजे कार्यालयात आलेल्या पत्रांची नोंदच सांगेल. मागील सहा महिन्यांत आपल्या संकलनाकडे (टेबलाकडे) दिलेल्या पत्रांचे क्रमांक उतरवून घ्या आणि कार्यविवरण नोंदवहीशी, म्हणजे टेबलावर आलेल्या पत्रांच्या वहीशी ताळा करा. जी पत्रे बारनिशीत आहेत पण नोंदवहीत नाहीत, तीच पुढे त्रास देतात. त्यासाठी बारनिशीच्या टेबलाशी दोन तास बसावे लागेल आणि त्या दोन तासांतच तुमची या कार्यालयाशी खरी ओळख होईल. कोणती संचिका कोणाकडे अडते, कोणते साहेब सकाळी सह्या करतात, हे आम्हाला ठाऊक असते. शिपाईदादांनाही विचारा, गठ्ठे त्यांनीच उचलून ठेवलेले असतात. आणि जेवणाच्या सुट्टीत डबा टेबलावर एकट्याने उघडू नका.

वेतनदेयक:
अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि सेवापुस्तक आले का, हे आजच पाहा. सेवार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीत जुन्या कार्यालयाने आपले नाव सोडल्याखेरीज इथले आहरण व संवितरण अधिकारी वेतन काढू शकत नाहीत. ई-ऑफिस (संगणकावरील संचिका) सुरू असेल तर आधीच्या सहकाऱ्यांच्या खात्यात अडकलेल्या नस्त्या आपल्याकडे वर्ग करून घ्या, कारण त्या कपाटात दिसत नाहीत.

मुक्काम पोस्ट:
सर्वांचे आभार. शेरा लिहून सही केली. साहेबांनी तो वाचला आणि "यादी वेळेत द्या" एवढेच म्हणाले. ताळा करताना अकरा पत्रे नोंदीविना निघाली, त्यांपैकी एक माहिती अधिकाराचा अर्ज असून आज त्याचा सव्विसावा दिवस आहे. त्याची संचिका शिपाईदादांनी दुसऱ्या कपाटामागून काढून दिली. वेतन प्रमाणपत्र अजून आलेले नाही.