मदत हवी आहे : झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडनंतरचा ताप, गॅमा-डेल्टा टी पेशी आणि न उलगडणारी एक विसंगती

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. रोगप्रतिकारशास्त्रात काम करणाऱ्या सभासदांकडून एका गोष्टीचा उलगडा हवा आहे. उपचारांबद्दलचा सल्ला मागत नाही, तो आईच्या डॉक्टरांकडून मिळतोच आहे.

गेल्या वर्षी आईला (वय 69) हाडांच्या ठिसूळपणासाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे वर्षातून एकदा द्यायचे 5 मिलिग्रॅमचे सलाइन लावले. त्या दिवशी ती स्वतः जिना चढून घरी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घालूनही थंडी थांबेना, ताप 102 वर गेला आणि चहाचा कप धरायला तिची बोटे वळेनात. "हाडांचं औषध हाडांतच ठणकतंय गं," असे ती पुन्हापुन्हा म्हणत होती. डॉक्टरांनी फोनवरच पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी सांगितले, आणि तिसऱ्या दिवशी ती मेथी निवडायला बसली. यंदा दुसऱ्या मात्रेनंतर मी रात्रभर तिच्या उशाशी बसून होते, पण तिला साधी कणकणसुद्धा आली नाही.

हा ताप का येतो ते शोधताना मी गॅमा-डेल्टा टी पेशींपर्यंत (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पोहोचले. मला समजले ते असे, चुकले असेल तर दुरुस्त करावे. हे औषध हाड झिजवणाऱ्या पेशींमधील एक विकर बंद पाडते आणि त्यामुळेच हाडांची झीज मंदावते. पण रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशीही औषध थोडेफार शोषून घेतात आणि त्यांच्यात तेच विकर अडल्यामुळे आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट हा छोटा रेणू साचतो. हे साचलेले रेणू मोनोसाइटच्या आतूनच तिच्या पृष्ठभागावरील ब्यूटायरोफिलिन प्रथिनांना चिकटतात, त्या प्रथिनांचे बाहेरचे रूप पालटते, आणि रक्तात गस्त घालणाऱ्या गॅमा 9-डेल्टा 2 प्रकारच्या टी पेशी ते ओळखून सायटोकाइन (इतर पेशींना इशारा देणारी प्रथिने) सोडू लागतात. अंगदुखी आणि ताप त्यातून येतो. 1999 साली जर्मनीतील संशोधकांनी याच गटातील पामिड्रोनेटनंतर ताप आलेल्या रुग्णांमध्ये गॅमा-डेल्टा टी पेशी वाढल्याची नोंद केली होती. उंदरांमध्ये या विशिष्ट पेशी नसतातच, त्यामुळे हा विषय प्रामुख्याने माणसाच्या आणि माकडांच्याच रक्तावर अभ्यासावा लागतो.

क्षयाचा जंतू आणि हिवतापाचा परजीवी आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेटच्याच कुळातला, पण कितीतरी पटींनी प्रभावी असा रेणू स्वतः तयार करतात. म्हणजे आईच्या शरीरात जंतू नसताना जंतू आल्याची वर्दी गेली, असे मी समजते. मेट पेशी (MAIT) या टी पेशींच्या आणखी एका प्रकाराचेही असेच आहे. जीवनसत्त्व ब-2 आपले शरीर बनवू शकत नाही, अनेक जिवाणू बनवतात; ते बनताना निर्माण होणारे रेणू एमआर-1 हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर मांडते आणि मेट पेशी त्यांवर तुटून पडतात, हे 2012 साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवले. वर्गात मी फळ्याच्या एका बाजूला जन्मजात आणि दुसऱ्या बाजूला उपार्जित प्रतिकारक्षमता लिहिते, आणि या पेशी नेमक्या मधल्या रेघेवर उभ्या राहतात. पाठ्यपुस्तकात त्यांना निदान एक परिच्छेद तरी मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आता माझी अडचण. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या, साडेसात हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीत ताप, अंगदुखी अशी लक्षणे पहिल्या मात्रेनंतर सुमारे 32 टक्के, दुसरीनंतर सुमारे 7 टक्के आणि तिसरीनंतर सुमारे 3 टक्के स्त्रियांना जाणवली. आईचा अनुभव याला धरूनच आहे. उलट 2002 साली माकडांवर झालेल्या अभ्यासात बीसीजी ही क्षयाची लस दुसऱ्यांदा दिल्यावर याच गॅमा-डेल्टा कुळातील पेशी पहिल्या वेळेपेक्षा अधिक वेगाने वाढल्या, म्हणजे त्यांना आठवण राहते असे दिसले. मग एकीकडे दुसऱ्या भेटीत प्रतिसाद वाढतो आणि दुसरीकडे मावळतो, हे कसे? जंतूसोबत येणारे इतर इशारे औषधासोबत नसतात म्हणून या पेशी थकतात किंवा कमी होतात, की त्या शाबूत राहून मोनोसाइटच वेगळे वागू लागतात?

दुसरा प्रश्न अधिक घरगुती आहे. आईला बाविसाव्या वर्षी फुप्फुसांचा क्षय झाला होता आणि तिने कित्येक महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतली होती. जुन्या क्षयामुळे तिच्या या पेशी आधीच तयारीत असतील आणि म्हणून पहिला ताप एवढा चढला असेल, हा माझा तर्क शास्त्राला धरून आहे का? आणि औषधामुळे या पेशी खरोखरच घटत असतील, तर क्षय होऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत त्याला काही महत्त्व आहे का? डॉक्टरांना विचारणार आहेच, पण प्रश्न नीट मांडता यावा एवढी समज आधी हवी आहे.

ज्यांनी प्रयोगशाळेत या पेशी प्रत्यक्ष मोजल्या आहेत, त्यांनी दोन ओळी लिहिल्या तरी चालतील. आणि गॅमा-डेल्टा, मेट अशा पेशींच्या या संपूर्ण गटाला मराठीत काय म्हणावे तेही सुचवावे. मी सध्या वर्गात 'सहजवृत्तीच्या टी पेशी' म्हणते, पण त्यात त्यांचा टी पेशींचा ग्राही (पेशीवरचे ओळख पटवणारे प्रथिन) झाकला जातो, असे एका विद्यार्थिनीने दाखवून दिले आणि तिचे म्हणणे मला पटले आहे.