यूएसबी हाय-स्पीड: बोर्डचा इम्पीडन्स स्पेकमध्ये आहे का, कसं तपासू?

भोसरी_हार्डवेअर: चार लेअरचा डेटा-लॉगर आहे. एसटीएम३२एफ७ मायक्रोकंट्रोलर, बाहेर यूएसबी३३२० पीएचवाय (यूएसबीचे सिग्नल प्रत्यक्ष चालवणारी चिप), तिथून टाइप-बी कनेक्टरपर्यंत ३५ मिमी पेअर, म्हणजे डेटाच्या दोन जोड-ट्रेस (तांब्याच्या रेघा). ट्रेस ०.३ मिमी, गॅप ०.२, खाली ०.२ मिमी प्रीप्रेग (थरांमधलं इन्सुलेशन) धरून पेअरचा इम्पीडन्स, म्हणजे वेगवान सिग्नलला होणारा विरोध, ९० ओहम काढलाय. काही पीस मधेच डिस्कनेक्ट होतात. स्कोप २०० मेगाहर्ट्झचा आहे, त्यावर भरपूर रिंगिंग (सिग्नल बदलल्यावरची थरथर) दिसतं. बोर्ड बाद समजायचा का?

तांब्याचा_थर: टीव्हीएस (स्टॅटिकच्या झटक्यापासून वाचवणारा डायोड) कुठला टाकलाय? साधा असेल तर कपॅसिटन्स शेकडो पिकोफॅरड. ४८० एमबीपीएसला तो चालणारच नाही.

जुना_लेआउटवाला: त्या रिंगिंगवरून बोर्डला फाशी देऊ नका. हाय-स्पीडची एज (सिग्नलचा चढ-उतार) ५०० पिकोसेकंदांपर्यंत वेगवान असते, ०.३५ भागिले ०.५ नॅनोसेकंद, म्हणजे नुसती एज नीट दिसायलाच ७०० मेगाहर्ट्झ हवेत. तुमचा स्कोप ती एज आधीच बोथट करतो, वर प्रोबची लांब ग्राउंड वायर असेल तर रिंगिंग बहुधा तिचंच. आय डायग्राम (सगळे बिट एकावर एक ठेवून सिग्नलचा दर्जा दाखवणारं चित्र) काढायचा तर पीएचवायचा टेस्ट पॅकेट मोड, कनेक्टरवर फिक्स्चर आणि २ गिगाहर्ट्झचा स्कोप. भाड्याच्या लॅबमध्ये जा, पण शेवटी.

आधी फॅबला (बोर्ड बनवणाऱ्याला) दोन गोष्टी विचारा: प्रीप्रेग नेमका कुठला लावला, आणि टेस्ट कूपनचा (त्याच पॅनेलवरच्या चाचणीच्या पट्टीचा) टीडीआर, म्हणजे इम्पीडन्स मोजल्याचा, रिपोर्ट आहे का. ०.२ च्या जागी ०.११ मिमी बसला असेल तर याच ट्रेसचे ९० ओहम सत्तरीच्या घरात उतरतात. स्पेकचे ९० ± १५ टक्के म्हणजे ७६.५ ते १०३.५, त्यात ते बसत नाही. पीओवर (ऑर्डरच्या कागदावर) 'कंट्रोल्ड इम्पीडन्स' लिहिलं नसेल तर फॅब जाडी सोयीने बदलतो, आणि त्याला दोषही देता येत नाही.

तरी माझा संशय तिथे कमीच. ३५ मिमी म्हणजे सिग्नलचा जेमतेम २०० पिकोसेकंदांचा प्रवास. एवढ्याशा तुकड्यातल्या चुकीने लिंक सहसा तुटत नाही. फर्मवेअरमधून लिंक हळू अशा फुल-स्पीडला बांधा, १२ एमबीपीएस. तरी तुटत असेल तर इम्पीडन्सचा नाद सोडा, ५ व्होल्टची लाइन आणि शील्डचं ग्राउंड बघा.

भोसरी_हार्डवेअर: टीव्हीएस १ पिकोफॅरडखालचा आहे. फुल-स्पीडलाही तुटतं, सर! शेजारचा सोलेनॉइड (विजेवर चालणारं कॉइल) सुटला की हमखास. कूपन मागवलंच नव्हतं.

जुना_लेआउटवाला: मग सोलेनॉइडवर फ्लायबॅक डायोड (कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका जिरवणारा) आहे का ते आधी सांगा. आणि पेअरखालच्या ग्राउंड प्लेनचा (ग्राउंडच्या सलग तांब्याच्या थराचा) स्क्रीनशॉट टाका. सोलेनॉइडचा करंट तिथूनच परत जात असेल अशी शंका आहे.